यंत्र आपल्या हाती, नोंद धन्याच्या घरी

२०२५ च्या हंगामात वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याला आपला कापूस हमीभावाने सीसीआयला विकायचा होता, तेव्हा त्याला आधी 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर आपले नाव नोंदवावे लागले. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हा भाव केंद्र सरकारने जाहीर केला होता. पण त्या भावाच्या दारापर्यंत पोचण्याची वाट आधार क्रमांक, जमिनीचा उतारा आणि पेऱ्याची नोंद यांमधून जात होती. त्याच वर्षी राज्य सरकारने शेतीविषयक योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा केला. ई-पीक पाहणी २०२१ पासून चालू आहे. रेशनच्या दुकानात पॉस यंत्रावर अंगठा टेकवावा लागतो, तो वेगळाच. हिंगणघाटचा कापूस उत्पादक असो, आर्वीचा शेतमजूर असो की समुद्रपूरची विधवा शेतकरीण असो, आज त्यांच्याविषयी सरकारला आणि कंपन्यांना जेवढी माहिती आहे, तेवढी इतिहासात कोणत्याही राजाला आपल्या रयतेविषयी नव्हती.

मग ज्या माणसाची ही माहिती, त्याच्या स्वतःच्या हाती तिच्यातले काय राहते? मोबाइलवर आलेला एक संदेश, तोही चार दिवसांत पुसला जाणारा. आणि सेतू केंद्रातून पैसे मोजून काढलेला एखादा कागद. मूळ नोंद दूर कोठेतरी एका सर्व्हरवर असते. ती कोणी केली, केव्हा बदलली, का बदलली, हे नोंद ज्याची आहे त्याला कळत नाही. 'नाव यादीत नाही' एवढेच त्याला सांगितले जाते, आणि ते खोडून काढायला त्याच्यापाशी पुरावा नसतो.

हा प्रश्न 'तांत्रिक' म्हणून बाजूला सारण्याची सवय आपल्या चळवळीला लागली आहे, आणि प्रस्तुत लेख त्या सवयीविरुद्ध आहे. आपल्यासंबंधीच्या प्रत्येक नोंदीची पूर्ण, सही असलेली आणि कोणत्याही यंत्रावर वाचता येणारी प्रत कष्टकऱ्याच्या स्वतःच्या ताब्यात, त्याच्या खिशातल्या कार्डावर असली पाहिजे. जमीन कोणाच्या नावे, मजुरी किती, कर्ज किती फिटले, या जुन्या लढ्यांइतकाच हाही मालकीचा लढा आहे.

सावकाराची पेटी

हे म्हणणे कोणाला नवे वाटत असेल, तर त्याने १८७५ साल आठवावे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि पाहता पाहता तो पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली ती मुख्यतः खतपत्रांसाठी. कर्जरोखे हिसकावून घेतले आणि जाळले. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या कुणब्यांना एक गोष्ट पुरती उमगली होती: आपले दास्य सावकाराच्या पेटीतल्या कागदात आहे. किती घेतले, किती फेडले, व्याज कसे चढले, हे सारे एकाच बाजूच्या वहीत लिहिलेले होते, आणि वही ज्याच्या घरी, न्यायही त्याच्याच घरी.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कुळकर्ण्याच्या लेखणीवर जो प्रहार केला, त्याच्या मुळाशीही हेच आहे. दप्तर ज्याच्या काखेत, गाव त्याच्या मुठीत.

या उठावानंतर १८७९ साली इंग्रज सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करणे भाग पडले. त्या कायद्यातील एका तरतुदीकडे आपल्या कार्यकर्त्यांनी आवर्जून लक्ष द्यावे. कर्जदार शेतकऱ्याला फेडीची लेखी पावती मिळण्याचा, वर्षाला हिशेबाचे पत्रक मिळण्याचा आणि आपला हिशेब वेळोवेळी पासबुकात उतरवून मिळण्याचा हक्क त्या कायद्याने दिला. सावकारी त्याने संपली नाही, हे खरेच. तरी एक तत्त्व मान्य झाले: हिशेबाची एक प्रत दुबळ्या पक्षाच्या हाती असली पाहिजे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात जॉबकार्ड मजुराच्या कुटुंबाच्या ताब्यात राहील असे जे म्हटले गेले, ते याच तत्त्वाला धरून.

पुढे काय झाले हेही आपण पाहिले आहे. १ जानेवारी २०२३ पासून त्या कायद्याखालील कामांवर हजेरी मोबाइल अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून घेण्याची सक्ती झाली. १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या पद्धतीनेच देण्याची सक्ती झाली. कामावरचा कागदी मस्टर मजूर डोळ्यांनी पाहू शकत होता, शिकलेल्या पोराकडून वाचून घेऊ शकत होता. अ‍ॅपवरची हजेरी मुकादमाच्या मोबाइलमधून थेट वर गेली. मजुराच्या घरचे जॉबकार्ड कोरे राहिले. दीडशे वर्षांपूर्वी मिळवलेले पासबुक असे गाजावाजा न होता काढून घेतले गेले.

सिंप्युटरचा विसरलेला धडा

यावर एक उत्तर ठरलेले असते: 'यंत्रयुगात असेच व्हायचे. माहिती केंद्रातच साठवावी लागते.' हे उत्तर असत्य आहे, आणि त्याचा पुरावा परदेशात शोधायला नको, आपल्याच देशात आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, व्ही. विनय, रमेश हरिहरन हे प्राध्यापक आणि विनय देशपांडे यांच्या एन्कोर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून 'सिंप्युटर' नावाचा हातसंगणक घडवला. त्याचा नमुना २००१ साली लोकांपुढे आला. यंत्र तळहातावर मावणारे, चालत होते लिनक्सवर, म्हणजे ज्याची रचना कोणालाही पाहता, बदलता व वाटता येते अशा मुक्त प्रणालीवर. भारतीय भाषांतील मजकूर ते वाचून दाखवी, म्हणजे निरक्षरालाही त्याचा उपयोग होता. यंत्राचा आराखडाही पेटीत कुलूपबंद न करता खुल्या परवान्याखाली ठेवण्यात आला होता.

परंतु त्यातील सर्वांत मोठा विचार एका छोट्याशा खाचेत होता. ती खाच स्मार्ट कार्डाची. गावातल्या प्रत्येक गरिबाला हे यंत्र विकत घेणे परवडणार नाही, हे कर्त्यांनी गृहीत धरले होते. म्हणून यंत्र गावाचे, शाळेचे, दुकानाचे किंवा बचत गटाचे असावे आणि प्रत्येकाचे खासगी कार्ड मात्र त्याचे त्याचे असावे, अशी योजना होती. माणसाने यावे, कार्ड खाचेत घालावे, आपले काम करावे, आपली माहिती कार्डावर उतरवून घ्यावी आणि कार्ड खिशात घालून घरी जावे. यंत्र सामाईक, स्मृती स्वतःची! समाजवादाचा याहून नेमका तांत्रिक आविष्कार क्वचितच झाला असेल. साधन समाजाचे आणि व्यक्तीचे व्यक्तित्व व्यक्तीचे.

मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उद्योगाच्या सहकार्याने 'अमिडा' या नावाने हा संगणक बाजारात आला. त्याचा सर्वांत स्वस्त नमुना दहा हजार रुपयांच्या घरात होता. विक्री काही हजारांपलीकडे गेली नाही. हे यंत्र खेड्याखेड्यांत पोचवण्याएवढी मोठी खरेदी सरकारने केली नाही. तोवर स्वस्त मोबाइल आले आणि सिंप्युटर इतिहासजमा झाला. यंत्र मागे पडले याचे दुःख करण्याचे कारण नाही. यंत्रे येतात आणि जातात. दुःख याचे की त्याच्याबरोबर ती खाचही गेली आणि खाचेमागचा विचारही गेला.

आज काय स्थिती आहे? ज्या मोबाइलवर सेलूचा शेतकरी 'कपास किसान' उघडतो, तो बहुधा अँड्रॉइडचा असतो, आणि अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे. १९९१ पासून जगभरच्या हजारो प्रोग्रामरांनी सामुदायिक श्रमाने घडवलेला हा गाभा एका बलाढ्य कंपनीने घेतला आणि त्यावर आपले कुंपण घातले. सामाईक रानातल्या लाकडाने खासगी वाडा बांधावा, तसे हे झाले. म्हणजे लिनक्सवर चालणारा हातसंगणक आज खेड्यातल्या घराघरांत पोचला आहे. सिंप्युटरच्या कर्त्यांचे अर्धे स्वप्न असे खरे झाले आणि उरलेले अर्धे उलटे झाले. यंत्र ज्याचे त्याने कर्ज काढून विकत घ्यायचे आणि स्मृती मात्र धन्याच्या सर्व्हरवर ठेवायची.

कार्डाची गोष्ट

'मोबाइलमध्ये मेमरी कार्ड घालता येते की!' असे कोणी म्हणेल. येते, परंतु त्यावर काय हलवता येते आणि काय येत नाही, हे नीट पाहिले पाहिजे. छायाचित्रे, ध्वनिफिती, उतरवून घेतलेले सातबारे कार्डावर जातात. संपर्क क्रमांकांची यादी एका साध्या फाइलीत काढून कार्डावर ठेवता येते. पण अ‍ॅपच्या पोटातली नोंद कार्डावर जात नाही. ती अ‍ॅपच्या मालकाने दिली तरच मिळते, आणि बहुतेक अ‍ॅपांत ती मागण्याचे बटनच नसते. शिवाय २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये अशीही सोय आहे की कार्ड फोनच्या अंतर्गत स्मृतीचा भाग बनवता येते. मात्र असे केलेले कार्ड त्या फोनच्या किल्लीने बंद होते आणि दुसऱ्या कोणत्याही फोनात वाचता येत नाही. फोन मेला की कार्डही मुके. नाव 'कार्डावर हलवा' असे, परिणाम मात्र अधिक पराधीन होण्याचा. हा फरक न जाणणारा माणूस आपण सुरक्षित झालो असे समजून असतो.

महागड्या फोनांतून तर कार्डाची खाचच काढून टाकली जात आहे. तिच्या जागी कंपनी सांगते, 'तुमचे सारे आमच्याकडे ठेवा, जागा भरली की महिन्याला भाडे द्या.' स्वस्त फोनांत खाच अजून शिल्लक आहे. ती शिल्लक आहे तोवर तिचा उपयोग करून घेतला पाहिजे.

या जिल्ह्याने यंत्राची एक वेगळी कसोटी पाहिली आहे. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी अशा: चरखा खेड्यातल्या साध्या झोपडीत चालला पाहिजे, बाईला फार श्रम न होता तो सलग आठ तास चालवता आला पाहिजे, किंमत दीडशे रुपयांपेक्षा अधिक नसावी आणि नीट निगा राखली तर तो वीस वर्षे टिकावा. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण चालवणाऱ्याच्या ताब्यात राहील ते यंत्र चांगले, हे माप त्या अटींनी घालून दिले. १९३४ साली वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे आणि तेथल्या मगन संग्रहालयाचे सारे कार्य या मापाने चालले. डॉ. लोहियांचा छोट्या यंत्राचा आग्रहही, गांधीवाद्यांशी मतभेद राखून, याच दिशेचा होता. त्या मापाने मोजले तर आजचा मोबाइल कोठे उतरतो?

वर्धा प्रयोगशाळा झाली, तेव्हा

वर्ध्याला हा अनुभव पूर्वी आला आहे. १ जून २०१३ रोजी स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान आधारशी जोडलेल्या बँक खात्यात भरण्याची योजना देशातील ज्या मोजक्या जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली, त्यांत वर्धा होता. जोडणीसाठी तीन महिन्यांची सवड; त्यानंतर ज्याचे आधार बँकेशी जुळलेले नाही, त्याने बाजारभावाने सिलिंडर घ्यावा, असा नियम होता. गॅस एजन्सीची नोंद, बँकेची नोंद आणि आधारची नोंद अशा तीन नोंदी तीन ठिकाणी. आणि त्या जुळत नसतील तर खेटे घालायचे गृहिणीने. नावातल्या एका वेलांटीची किंमत तिने मोजायची. २३ सप्टेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आधार नाही म्हणून कोणाचे नुकसान होऊ नये असा अंतरिम आदेश दिला. जानेवारी २०१४ च्या अखेरीस केंद्राला ही योजना थांबवावी लागली, एस. जी. धांडे यांच्या समितीकडून तिची तपासणी करून घ्यावी लागली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये आधार नसलेल्यांनाही वाट ठेवून ती नव्या नावाने आणावी लागली.

त्या आठ महिन्यांत जिल्ह्यातल्या गृहिणीच्या हाती आपल्या तिन्ही नोंदींची सही असलेली प्रत असती, तर चूक एजन्सीची की बँकेची, हे तिला पहिल्याच खेपेस दाखवून देता आले असते. प्रयोग तिच्यावर झाला, पण प्रयोगाची वही तिला दिली गेली नाही.

कायदा काय देतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. लोहियांच्या सप्तक्रांतीत खासगी जीवनातील अन्याय्य हस्तक्षेपाविरुद्धची क्रांती गणलेली होती, याची आठवण आपल्यातल्या किती जणांना झाली? २०१८ साली न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने कायद्याचा जो मसुदा दिला, त्यात आपली माहिती वाचता येण्याजोग्या स्वरूपात मिळवून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०१९ च्या विधेयकातही तो होता. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला, तेव्हा तो हक्क गळला होता. उरला तो माहितीचा गोषवारा मागण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क. सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळण्याचा अधिकार मात्र भरघोस ठेवला आहे. याच कायद्याच्या ४४व्या कलमाने माहिती अधिकार कायद्यातील कलम ८(१)(ञ) बदलून, सार्वजनिक हितासाठी वैयक्तिक माहिती उघड करण्याची त्यातली वाट बुजवली. म्हणजे आपल्याविषयीची पूर्ण प्रत आपल्याला नाही आणि अधिकाऱ्याविषयीची माहितीही आपल्याला नाही. खासगीपणाचे कवच रयतेसाठी मागितले होते, ते दरबाराने पांघरले.

'सही असलेली प्रत कार्डावर देणे तंत्रदृष्ट्या शक्य नाही' ही सबब कोणी पुढे करू नये. आधार प्राधिकरणानेच २०१८ पासून अशी सोय ठेवली आहे की नागरिकाने आपल्या माहितीची डिजिटल सही असलेली फाइल उतरवून घ्यावी आणि ती प्राधिकरणाच्या सर्व्हरला न विचारताही पडताळता यावी. महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळतो. जे सातबाऱ्याला शक्य आहे, ते हजेरीला, रेशनच्या नोंदीला, कापसाच्या वजनाला आणि पीककर्जाच्या हिशेबाला का शक्य नाही? इच्छेचा अभाव हे त्याचे एकमेव कारण आहे. डिजिलॉकर हे त्याचे उत्तर नव्हे. तिजोरी दुसऱ्याच्या वाड्यात असेल, तर तिच्यावर आपले नाव रंगवल्याने ती आपली होत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की कार्ड हरवते, भिजते, चोरीला जाते. मान्य. पासबुकही हरवते, म्हणून पासबुकच नको, असे कोणी म्हणाले नाही. सार्वजनिक दप्तर रद्द करा, अशी आमची मागणी नाही. दप्तर राहावेच, त्याच्या जोडीला प्रजेच्या हातची प्रत असावी. दोन प्रती जुळत नाहीत, तेव्हाच लबाडी उघडी पडते. चोरीची भीती असेल, तर कार्डाला सांकेतिक शब्दाचे कुलूप घालता येते. आणि एका खिशातून एका माणसाची माहिती जाते, तर एका सर्व्हरमधून साऱ्या जिल्ह्याची.

दुसरा आक्षेप: अशिक्षित मजूर हे कसे करणार? सिंप्युटर वाचून दाखवत होता, याचा उल्लेख वर आलाच आहे. खेरीज युनियनचे कार्यालय, बचत गट, गावातले वाचनालय मग कशासाठी आहे? मजुराला वाचता येत नाही म्हणून नोंद मुकादमाकडे ठेवा, हा युक्तिवाद १८७५ सालीही सावकाराच्या तोंडी होता.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातला, आणि म्हणून अधिक गंभीर. काही ज्येष्ठ सहकारी म्हणतात की ही यंत्रेच भांडवलशाहीची आहेत. त्यांच्यावर बहिष्कार टाकावा. त्यांच्या तळमळीविषयी आदर बाळगूनही सांगावेसे वाटते की बहिष्काराचे स्वातंत्र्य ज्याला रेशन नको, हमीभाव नको आणि पीकविमा नको त्यालाच आहे. देवळीच्या शेतमजुराला ते नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांनी लेखनकलेवर बहिष्कार टाकला नाही. त्यांनी कागदाचा ताबा मागितला.

आपले काम

तेव्हा पुढील मागण्या पक्षाने जिल्हा पातळीवरून हाती घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते. कोणत्याही सरकारी योजनेच्या अ‍ॅपमध्ये 'माझी पूर्ण नोंद द्या' ही सोय सक्तीची असावी. ती नोंद मराठीत, डिजिटल सहीसह आणि कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा खुल्या स्वरूपात मिळावी. ग्रामपंचायतीत आणि सेतू केंद्रात प्रत्येकाच्या कार्डावर ती विनामूल्य उतरवून मिळावी. नोंद बदलली तर कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने बदलली, हे तिच्यातच लिहिलेले असावे. लाभार्थ्याच्या हातची सही असलेली प्रत आणि सर्व्हरवरची नोंद यांत तफावत असेल, तर निकाल लागेपर्यंत लाभ थांबवू नये. खोटे ठरवण्याचा भार सरकारवर असावा. आणि २०२३ च्या कायद्यात माहिती सोबत नेण्याचा हक्क परत आला पाहिजे, माहिती अधिकारावरचा घाव भरून निघाला पाहिजे.

मागण्या मान्य होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने एक साधे मेमरी कार्ड वाचणारे यंत्र आणि एक छपाई यंत्र ठेवावे; एवढा खर्च वर्गणीतून निघतो. गावोगावच्या बैठकांत सभासदांचे सातबारे, खरेदीच्या पावत्या, बँकेची पत्रके, हजेरीच्या नोंदीची छायाचित्रे त्यांच्या त्यांच्या कार्डावर उतरवून द्यावीत, महत्त्वाच्या कागदांची एक छापील प्रत हातात द्यावी आणि कार्ड फोनच्या किल्लीने बंद होणार नाही एवढी काळजी घ्यावी. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: पक्षाने स्वतःकडे कोणाची प्रत ठेवू नये. धन्याच्या घरची वही काढून ती पुढाऱ्याच्या घरी नेणे ही क्रांती नव्हे.

परकीय सरकारने १८७९ साली दख्खनच्या कर्जदाराला पासबुकाचा हक्क दिला, तो रोखे जळाल्यानंतर. प्रजासत्ताकातल्या नागरिकाला तेवढाच हक्क मिळवण्यासाठी काही जाळावे लागू नये, एवढी समज राज्यकर्त्यांना असेल अशी आशा करू. ती नसेल, तर ती त्यांना आणून देण्यासाठी संघटना असते.